बाबागाडी घेऊन झालान्यात

झालान्याला जाऊन आलात, की जयपूरचे लोक एकच विचारतात, "बिबट्या दिसला का?" प्रश्न बरोबरच आहे. जुन्या शहराच्या आग्नेयेला, जवाहरलाल नेहरू मार्गाच्या पलीकडे अरवलीच्या टेकड्या सुरू होतात आणि तिथेच, वस्तीला अगदी खेटून, वीसेक चौरस किलोमीटरचं झालान्याचं जंगल आहे. धोक आणि खैराची झाडं, नीलगाई, तरस, मोर आणि बिबटे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र ओळखीचं वाटेल.

आम्ही मात्र तिथे गेलो ते वेगळ्याच कारणाने. टेकड्यांच्या पायथ्याशी झालाना इन्स्टिट्यूशनल एरिया आहे. कार्यालयं, शिक्षणसंस्था, त्यांची वसतिगृहं, अतिथिगृहं. नवऱ्याचं तिथल्या एका संस्थेत सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. डिसेंबर होता, हवा छान होती, म्हणून आम्हीही गेलो. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच तो वर्गात आणि बाहेर आम्ही तिघी: मी, चौदा महिन्यांची लेक आणि तिची बाबागाडी.

तुम्ही सध्या स्ट्रोलर घ्यायच्या विचारात असाल, चार दुकानं आणि चाळीस जाहिराती बघून गोंधळला असाल, तर हे सहा दिवस तुमच्या उपयोगाचे आहेत. कारण हातात कुणी मोठं माणूस नसताना, अनोळखी गावात, एका बाईला लेकराला घेऊन खोलीबाहेर पडता येतं की नाही, हे त्या गाडीवर ठरतं. घरीही तेच असतं. तिथे ते जरा उशिरा लक्षात येतं, एवढंच.

आधी केलेली चूक

आमची पहिली गाडी दिसायला राजेशाही होती. गुबगुबीत गादी, मोठी चाकं, चहाचा कप ठेवायला खण. वजन साधारण बारा किलो. पुण्यात आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. बाळ दहा किलोचं, सामानाची पिशवी तीन किलोची आणि गाडी बारा किलोची. पंचवीस किलो घेऊन जिना उतरायचा तर दोन खेपा कराव्या लागत. मग पहिल्या खेपेला बाळ वर ठेवायचं की खाली? दोन्हीकडे एकटंच. त्यामुळे कुणीतरी सोबत असेल तेव्हाच ती गाडी बाहेर निघायची. म्हणजे रविवारी. पुढे ती बाल्कनीत गेली आणि तिच्यात कांदे-बटाटे राहू लागले.

दुसरी घेताना आम्ही एकच गोष्ट बदलली. दुकानदार गाडी फरशीवर गोल फिरवून दाखवत होता. गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. मी लेकीला कडेवर घेतलं, गाडी मिटली, दुसऱ्या हाताने उचलली आणि दुकानात वीस पावलं चालले. तिसरीच गाडी जमली. सव्वासहा किलोची. तीच घेतली.

आपल्याकडे गाडी जितकी ढकलावी लागते, जवळजवळ तितकीच उचलावी लागते. हे एकदा मनात पक्कं केलं की निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात.

नऊ वाजताचा रस्ता

झालान्यातले आतले रस्ते रुंद आणि झाडांचे आहेत. सकाळी कार्यालयांची गर्दी ओसरली की तिथे गाडी ढकलत चालायला मजा येते. जवाहरलाल नेहरू मार्गाला पदपथही चांगले रुंद आहेत. पण पदपथ म्हटलं की तो मध्येमध्ये तुटणारच. प्रत्येक फाटकाशी खाली उतरायचं, पुन्हा वर चढायचं. कुठे झाडाचं आळं, कुठे विजेची पेटी, कुठे उभी केलेली स्कूटर.

इथे दोन गोष्टी कळतात. पहिली, मुठीची. दांडा एकसंध आडवा असेल तर गाडी एका हाताने वळते आणि दुसरा हात फोनला, छत्रीला किंवा बाळाच्या फेकलेल्या बुटाला मोकळा राहतो. छत्रीच्या मुठीसारखे दोन वेगळे दांडे असतील तर दोन्ही हात अडकतात. दुसरी, कड चढण्याची. मागच्या चाकांच्या मधल्या दांड्यावर पाय ठेवून पुढची चाकं उचलायची असतात. तिथे पाय ठेवायला जागाच नसेल, तर दर वेळी कमरेतून वाकावं लागतं. दिवसात तीसेक वेळा वाकून बघा, संध्याकाळी कंबर उत्तर देते.

याच मार्गावर कुलिश स्मृती वन आहे. 'राजस्थान पत्रिका'चे संस्थापक कर्पूरचंद्र कुलिश यांच्या नावाचं. दाट झाडी, पक्षी, मातीच्या वाटा. मी मोठ्या उत्साहाने आत शिरले आणि शंभर पावलांत थांबले. जयपूरची माती रेताड. हलक्या गाडीची चाकं लहान असतात, तळहातापेक्षा थोडी मोठी, आणि पुढची दोन गोल फिरणारी. मऊ मातीत ती आडवी होतात आणि रुततात. अशा वेळी पुढची चाकं सरळ अडकवून ठेवायची कळ असेल तर ती लावा, नाहीतर गाडी उलटी करून मागच्या चाकांवर ओढत न्या. ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं पडतं. आपल्या अलिबाग-गणपतीपुळ्याच्या वाळूत मात्र हीही युक्ती चालत नाही. तिथे गाडी हॉटेलवर ठेवा.

कोरियांच्या अंगणात

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो जवाहर कला केंद्रात. हेही झालाना डुंगरीतच. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची, त्याच कोरियांची ज्यांचा नवी मुंबईच्या आराखड्यात मोठा वाटा होता. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवलेलं जयपूर नऊ चौकोनांच्या कल्पनेवर मांडलं होतं आणि डोंगर आड आल्यामुळे त्यातला एक चौकोन सरकवावा लागला, असं सांगतात. कोरियांनी कला केंद्रही नऊ चौकोनांत बांधलं, एकेका ग्रहाच्या नावाने, आणि एक चौकोन मुद्दाम बाजूला सरकवला.

मधला चौकोन आकाशाकडे उघडा आहे. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, जुन्या कुंडासारख्या. सकाळच्या उन्हात लेक त्या पायऱ्या चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. गाडी बाजूला उभी. आणि इथे ब्रेकची किंमत कळते. पायऱ्यांच्या कडेला उभी केलेली गाडी जरासुद्धा हलता कामा नये. पायाने दाबायचा एकच ब्रेक, जो दोन्ही मागची चाकं एकदम धरतो, तो चांगला. दोन चाकांना दोन वेगळे खटके असतील तर घाईत एक राहून जातो. आणि चप्पल घालून ब्रेक लावून-काढून बघा. पायाच्या बोटाने वर उचलायचा ब्रेक सँडलमध्ये फार लागतो.

तिथल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये कॉफी येईपर्यंत लेक गाडीतच झोपली. पाठ मागे झुकवता येणारी गाडी का घ्यायची ते तेव्हा पटतं. सरळ पाठीच्या खुर्चीत झोपलेल्या बाळाची मान पुढे लटकते. सहा महिन्यांच्या आतल्या, आधाराशिवाय न बसणाऱ्या बाळासाठी तर जवळजवळ सपाट होणारीच गाडी हवी. फक्त बसायची हलकी गाडी त्या वयाला चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

डिसेंबरातही जयपूरचं दुपारचं ऊन टोचतं. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लहान मुलाला घेऊन दुपारी बाहेर पडूच नये. ऊन लागतं म्हणून आपण सवयीने गाडीवर ओढणी टाकतो. तसं करू नका. कापड टाकलं की आतली हवा कोंडते आणि सावलीत असूनही बाळ तापतं. त्यापेक्षा पुढे पूर्ण ओढता येणारा टप असलेली गाडी घ्या. टपाला मागून जाळीची खिडकी असेल तर हवा खेळते आणि चालता चालता बाळ दिसत राहतं.

जिथे गाडी मिटवायचीच असते

तिसऱ्या दिवशी जुन्या शहरात गेलो. जयपूरची मेट्रो मानसरोवरहून बडी चौपडपर्यंत जाते, पण झालान्याला येत नाही. म्हणजे रिक्षा. रिक्षात गाडी मिटवून पायाशी आडवी ठेवायची आणि लेक मांडीवर. रिक्षावाला इंजिन बंद न करता वाट बघत असतो, मागून हॉर्न वाजत असतात. अशा वेळी "आधी हे बटण दाबा, मग तो पट्टा ओढा, मग दोन्ही हातांनी" असली घडी काय कामाची? एका हाताने, वाकल्याशिवाय, दहा सेकंदांत मिटली पाहिजे. आणि मिटल्यावर आपोआप अडकली पाहिजे. नाहीतर उचलताना ती फाफडत उघडते.

बापू बाजारात पदपथावर माल आणि रस्त्यावर वाहनं. तिथे गाडी निम्मा वेळ खांद्याला होती. खांद्याला लावायचा पट्टा मला आधी चैन वाटला होता. तिथे कळलं, तोच खरा कामाचा. पिशव्या मात्र गाडीच्या दांड्याला अडकवू नका, मोह कितीही होवो. बाळ उतरवलं की गाडी मागे कलंडते, आणि बाळ आत असतानाही पिशवी जड झाली तर तेच होतं. सामान खालच्या जाळीत.

हवामहलाने मात्र सुखद धक्का दिला. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहांनी बांधलेला हा पाच मजली महाल, बाहेरून आपण त्याच्या ९५३ खिडक्या बघतो. आत वरच्या मजल्यांवर जायला जिन्यांच्या जागी बरेचसे उतार आहेत. राणीवशाच्या पालख्या वर नेता याव्यात म्हणून, असं सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चाकं आणि पालख्या डोक्यात ठेवून बांधलं, याचं मला फार कौतुक वाटलं. तरी वाट अरुंद आणि गर्दी दाट, त्यामुळे खालच्या चौकापुढे मी गाडी मिटली आणि लेकीला झोळीत बांधलं.

आमेरचा किल्ला शहरापासून अकरा किलोमीटरवर. चढण उभी, दगडगोट्यांची, पुढे पायऱ्या. तिथे गाडी अजिबात नेऊ नका. हाच नियम आपल्या सिंहगडाला आणि रायगडाला. अंगावर बांधायची झोळी किंवा बेबी कॅरिअर स्ट्रोलरसोबत हवाच. दोन्ही मिळून प्रवास होतो, एकाने होत नाही.

आगगाडी, विमान आणि टॅक्सीची डिकी

हलक्या गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक छत्रीसारखी मिटणारी, जिची लांब काठी होते. दुसरी पेटीसारखी मिटणारी, जिचा आखूड पण जाडसर चौकोन होतो.

छत्रीची कल्पना ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याची. त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांत मिटणाऱ्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. पुढे आजोबा झाल्यावर लेकीला प्रवासात जड बाबागाडी सांभाळताना पाहिलं आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम पावणेतीन किलोची, मिटणारी गाडी तयार केली. आज आपण जे "हलकं" म्हणतो त्याचं मूळ एका आजोबांच्या काळजीत आहे.

मुंबई सेंट्रलहून जयपूरला रात्रीची थेट गाडी आहे. डब्याच्या उंच पायऱ्या, अरुंद वाट, मागे हमाल, पुढे बॅगा. खालच्या बर्थखाली छत्रीची गाडी लांबीत सरकते. पेटीची गाडी उभी मावते का, ते बर्थखाली आधीच कुणाच्या ट्रंका आहेत यावर ठरतं. म्हणून रेल्वेने जास्त फिरणाऱ्यांना छत्री सोयीची, विमानाने फिरणाऱ्यांना पेटी.

विमानाचं गणित असं: आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात हातसामान साधारण सात किलोपर्यंत चालतं आणि मापही ठरलेलं असतं. पेटीची गाडी त्यात बसली तर वरच्या कप्प्यात जाऊ शकते, पण शेवटचा शब्द विमान कंपनीचा. बहुतेक कंपन्या लहान बाळासोबतची गाडी जादा पैसे न घेता नेतात आणि विमानाच्या दारापर्यंत ढकलत नेऊ देतात. उतरल्यावर ती दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे आधी विचारून ठेवा. झोपलेलं बाळ कडेवर घेऊन लांबलचक विमानतळ चालावा लागतो तो इथेच.

आणि टॅक्सी. पुण्या-मुंबईच्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, हे आपण गाडी घेताना विसरतो. उरलेल्या जागेत दोन बॅगा ठेवल्यावर काय मावतं, ते स्वतः मोजून बघा. आमची बारा किलोची राणी तिथेच हरली होती.

दुकानात गेलात की

बाळाला सोबत न्या. घरातली आजीही येत असेल तर उत्तम, कारण दुपारी गाडी तीच फिरवणार असते. मग हे करून बघा:

• बाळ कडेवर घेऊन एका हाताने गाडी मिटवा, उचला, वीस पावलं चाला. जमलं नाही तर पुढची.

• बाळाला बसवून पट्टा लावा. दोन खांदे, दोन कंबर आणि पायांमधला एक, असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा. कमरेचा नुसता पट्टा असेल तर वर्षाचं मूल उभं राहून बाहेर येतं.

• गाडी उघडून दाबून बघा. सांगाडा "खट्" करून अडकला पाहिजे. मिटवता-उघडताना बाळाचं बोट सापडेल अशी फट कुठे आहे, ते बघा.

• आजीला आणि उंच बाबाला, दोघांना ढकलायला द्या. दांडा ठेंगणा असेल तर उंच माणसाचे पाय मागच्या चाकांना लागतात.

• दुकानाबाहेर न्या. पदपथाची एक कड चढवा, उतरवा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

• किती किलोच्या मुलापर्यंत चालते, ते लेबलवर वाचा. पंधरा किलोची मर्यादा असेल तर साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरते.

• गादीचं कापड निघतं का, धुता येतं का. वरणभात, केळं आणि उलटी, तिन्ही होणार आहेत.

गाडी दोन-अडीच वर्षांत रिकामी होते, म्हणून ओळखीच्या घरातली वापरलेली घ्यायलाही हरकत नाही. सांगाड्याला तडा, सैल झालेला खटका आणि ब्रेक, एवढं नीट तपासा. कापड धुता येतं, वाकलेला सांगाडा दुरुस्त होत नाही.

आणि बिबट्या

जंगलाच्या सफारीत उघड्या जिप्सी असतात, सकाळी एक फेरी आणि दुपारनंतर एक. रस्ता खाचखळग्यांचा आणि तीनेक तास बसायचं. स्ट्रोलरला जागा नाही आणि इतक्या लहान बाळाला मांडीवर धरून ते हादरे देऊ नयेत, असं माझं मत. आणखी एक: झालान्याचे बिबटे अधूनमधून लगतच्या वस्तीतही येतात. त्यामुळे अंधार पडायच्या सुमारास टेकडीच्या कडेच्या निर्जन रस्त्यावर बाळाची फेरी काढू नका. तिथले लोकही काढत नाहीत.

शेवटच्या दिवशी नवऱ्याचं प्रशिक्षण दुपारी संपलं. सफारीला एकानेच जायचं होतं. तो म्हणाला, "तू जा." तो आणि लेक गाडी घेऊन कला केंद्रात गेले, मी जंगलात. नीलगाई दिसल्या, मोर दिसले, धोकाच्या झाडांत संध्याकाळ उतरताना दिसली. परतीच्या वळणावर बिबट्या दिसला, पाठमोरा, दोन-तीन क्षण.

खोलीवर आले तर नवरा दमून बसलेला. रिक्षा थांबवली, लेक रडायला लागली, तिला कडेवर घेऊन एका हाताने गाडी मिटवावी लागली. "ही एका हाताने मिटते, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि दोन जणांनी विचारलं, बाळाची आई कुठे आहे."

मला सहा दिवसांत बाबा कुठे आहे असं एकानेही विचारलं नव्हतं. ते मी त्याला सांगितलं. लेक तोवर मिटलेल्या गाडीवर घोडा-घोडा करत बसली होती.

"बिबट्या दिसला का?" त्याने विचारलं.